पेल्यातलं पहिलं पाणी

धर्मराजचा कुणावरही विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट तो लपवूनही ठेवायचा नाही. दूधवाला गाडीवरून उतरायच्या आत याचं सुरू, "आज पाणी कुठल्या नळाचं हाय रं?" भाजीवालीनं चार मिरच्या जादा टाकल्या, तर हा नेमक्या त्याच चार मिरच्या उलट्यापालट्या करून बघणार. फुकट दिलेल्या मिरचीत काहीतरी खोट असणारच, नाहीतर कोण कशाला देईल! वय सदुसष्ट, अंगानं काटक, आणि डोळे कायम बारीक केलेले. समोरचा काय लपवतोय ते आपल्याला आत्ता दिसणार आहे, अशा थाटात तो माणसाकडं बघायचा.

निपाणीत तंबाखूच्या जुन्या वखारींच्या मागं त्याचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत संसार, आणि मधे एक दार. हे दार तेवढं ध्यानात ठेवा, पुढची सगळी भानगड त्या दाराचीच आहे.

काम चामड्याचं. बाप मोटा आणि पखाली शिवायचा. विहिरींवर इंजिनं आली, मोटा गेल्या. गावात नळ आले, पखाली गेल्या. मग धर्मराजनं तीस वर्षं चपला केल्या, आणि अधूनमधून राळ कढवून एखादी बुधली. आठेक वर्षांपूर्वी चप्पल घ्यायला आलेल्या एका माणसाला भिंतीवर टांगलेली बापाच्या हातची बुधली दिसली, प्रवासात पाणी न्यायची, दोन वितींची, गळ्याला दोरी लावलेली. "असला पाणी प्यायचा पेला करून द्याल का?" म्हणाला. धर्मराजनं आधी त्याला चार उलटे प्रश्न विचारले आणि मग पेला करून दिला. त्या एका पेल्यावरून आणखी दहा आले, आणि बघता बघता बेळगावपासून गोव्यापर्यंत लोक त्याचे चामडी पेले मागायला लागले. पाणी, ताक, पन्हं, सगळं चालतं. गरम तेवढं चालत नाही. एका शहाण्यानं सांगूनही त्यात चहा ओतला. मेण चहात उतरलं आणि चहा मांडीवर.

बाभळीच्या सालीत कमावलेलं म्हशीचं चामडं भिजवायचं, रापीनं कापायचं, आरीनं भोकं पाडून मेणवलेल्या दोऱ्यानं दोन सुयांची शिवण घालायची, आत ओली वाळू ठासून आकार आणायचा आणि सावलीत वाळवायचं. इथपर्यंत कुणीही चांगला कारागीर जाईल. खरी मेख पुढं. राळ आणि मेण लोखंडी भांड्यात कढवायचं आणि ते पेल्यात ओतून, फिरवून, उरलेलं परत काढायचं. कच्चं राहिलं तर आतला थर पापडासारखा सुटतो. जादा कढलं तर थराला बारीक चिरा जातात. दोन्ही वेळा पेला पाझरतो. भांडं उतरवायची वेळ काही क्षणांचीच, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ती वासावर ओळखायची. राळेचा डोळ्यांत जाणारा उग्र वास आधी येतो, मग मधाचा चढतो, आणि मग एकदम चुरमुऱ्याच्या भट्टीपाशी उभं राहिल्यासारखा खमंग वास सुटतो. सुटला की भांडं खाली!

हे बापानं त्याला शिकवलं ते दार लावून. "माप, वेळ, वास. बायकूला बी सांगायचं न्हाय." तेव्हापासून कढवणीच्या वेळी धर्मराज मधलं दार लावून आतून कडी घालायचा. गंगव्वा लग्न होऊन आली त्याला अडतीस वर्षं झाली. अडतीस वर्षांत त्या कडीच्या आत तिनं पाऊल ठेवलेलं नव्हतं.

बाप बुधलीला लावायचा तो आणखी एक नेम त्यानं पेल्याला लावला होता. पेला पुरा झाला की पाण्यानं भरून परातीतल्या चाळलेल्या राखेवर ठेवायचा. सकाळी राख कोरडी असली तर पेला पास, राखेत एक जरी काळी गाठ दिसली तर नापास. आणि पास झालेल्या पेल्यातलं पहिलं पाणी गिऱ्हाइकाचं नाही, कारागिराचं. "ज्या गावात आपल्या हातचं पाणी चालत न्हवतं," बाप म्हणायचा, "त्या गावाची पखाल आपूनच शिवत हुतो. म्हणून पहिलं पाणी आपलं." धर्मराज भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली उभा राहून ते पाणी घटाघटा प्यायचा, एकटा.

आता त्याचं गुपित. करोनात धर्मराज आठ दिवस तापानं पडला होता. बरा होऊन दारात आला तेव्हा त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. निपाणीत पाय ठेवणाऱ्याला आधी तंबाखूचा वास भेटतो, मग माणसं भेटतात. तो वास गेला होता. त्यानं जर्दा चोळून नाकाशी नेला, काही नाही. लसूण ठेचला, काही नाही. परत येईल म्हणून वाट बघितली. वर्ष गेलं, चार गेली, वास आला नाही. त्यानं हे डॉक्टरला सांगितलं नाही, बेळगावात मास्तर असलेल्या मुलाला, संघर्षला सांगितलं नाही, आणि गंगव्वाला तर नाहीच नाही. वास न येणारा राळ कढवणारा! लोक पेले घेतील काय? आणि सगळ्यात मोठी भीती निराळीच होती. हे काम हातातून गेलं तर आपण कोण, याचं उत्तर त्याच्यापाशी नव्हतं.

पण गंमत बघा. या चार वर्षांत त्याचा एकही पेला पाझरला नाही! त्यावरून धर्मराजनं आपल्यापुरता निकाल लावून टाकला, की नाकाची गरज होती ती शिकाऊ माणसाला. आपल्याला आता अंदाजानं कळतं. या अंदाजाचा त्याला गर्व झाला होता, आणि गर्व लपवता येत नसल्यानं तो आणखी खेकसायचा. विशेषतः गंगव्वावर. कारण कढवणी ऐन रंगात आली की दारापलीकडून हिची हाक यायचीच, "अवं, च्या ठिवू का?"

"ठिव की! ईचारतीयास काय!" चहाचा तो मोठा भोक्ता. पण पेटत्या चुलीवर राळ सोडून जाता येतं होय? भांडं खाली उतरवायचं, भराभर पेल्यांत ओतायचं, आणि मग कडी काढायची. चहा निवायच्या आत उरकलं पाहिजे म्हणून त्याची नुसती धांदल उडायची.

या वर्षी जानेवारीत बेळगावच्या टिळकवाडीचा सूरज आला. तिशीचा पोरगा, हातानं केलेल्या वस्तूंचं दुकान चालवणारा. खानापूरच्या जंगलात एक रिसॉर्ट पंधरा दिवसांनी येणाऱ्या रविवारी उघडणार होतं, त्यांना तीस पेले हवे होते. सूरजनं मोबाईल काढून खोलीचे फोटो घेतले आणि सहज विचारलं, "काका, राळ किती आणि मेण किती घालता? थर्मामीटर आणून देऊ का?"

झालं! धर्मराजचे डोळे बारीक झाले. थर्मामीटरची गरज आहे हे ह्याला कुणी सांगितलं?

"राळ दर खेपेला निराळ्या झाडाची असती. ती आकड्याला दाद देत न्हाय," तो म्हणाला. "आन् फोटू पुरं."

जाताना सूरज मागच्या दाराशी गंगव्वाशी पाच मिनिटं हळू आवाजात बोलत उभा राहिला, तेही कन्नडमध्ये. धर्मराजला कन्नड चांगलं येत होतं, पण ऐकू काही आलं नाही. ते त्याच्या मनात रुतून बसलं.

दोन दिवसांनी लोंढ्याहून निरोप आला. दिवस भरत आलेली लेक समता बाळंत झाली, मुलगी झाली. समताचा नवरा यशपाल रेल्वेत, क्वार्टरमध्ये दुसरं कुणी बाईमाणूस नाही. गंगव्वानं पिशवी भरली, पण पाय काही निघेना. तीनदा परत आत आली. "मी येईपातूर राळ चढवू नगासा," ती म्हणाली. "शिवून ठेवा नुसतं."

"का? तू काय माझी मुकादम हायेस?"

बसला उशीर होत होता. ती पिशवी उचलून निघाली.

धर्मराजनं तीसही पेले शिवून वाळवले, आणि त्याच हट्टानं उद्घाटनाच्या आधीच्या मंगळवारी कडी घालून राळ चढवली. ढवळत राहिला. घर शांत होतं. कधीतरी पुरे वाटलं तेव्हा भांडं उतरवून त्यानं दहा पेले आतून मढवले. बुधवारी सकाळी परातीतली राख बघितली. दहापैकी आठ पेल्यांखाली काळ्या ओल्या गाठी होत्या.

आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, माझं काहीतरी चुकलं. पण हा धर्मराज! त्यानं सरळ हिशेब मांडला. चार वर्षं नाक नाही, तरी पेला पाझरला नाही. म्हणजे दोष नाकाचा नाही. मग कुणाचा? मेण देणाऱ्या भरमाचा.

भरमा खानापूरकडच्या रानातून मेण आणायचा, तीस वर्षांचा संबंध. फोन केल्यावर तो दुपारी बस धरून आला. "भेसळ? माझ्या मेणात?" त्यानं पिशवीतलं ढेकूळ फोडून धर्मराजच्या नाकाखाली धरलं. "घे, हुंग!"

धर्मराजनं डोळे मिटून लांब श्वास घेतला, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाला, "मध कमी हाय."

भरमानं ढेकूळ खाली घेतलं. "धर्माण्णा, तू आदी ढेकूळ फोडून, चारदा हुंगून मेण घ्यायचास. चार वर्सं झाली, नुसतं हातात घेतोस आन् ठिवतोस. मी काय बोललो न्हाय. पन भेसळीचं नाव काढू नगंस." मेण पिशवीत घालून तो पाणीही न पिता निघून गेला.

ह्याला कळलंय! धर्मराजनं त्याच्या मागं दार लावून घेतलं. ह्याला कळलंय, तर आणखी कुणाकुणाला कळलं असेल?

गुरुवारी सूरज आला. पाझरलेले पेले बघून त्याचा चेहरा उतरला आणि तो बोलून गेला, "काकूंनी मला तेव्हाच सांगितलं होतं. म्हणाल्या, मी लोंढ्याहून येईपर्यंत ऑर्डर पुढं ढकल, त्यांना काम काढायला लावू नको. पण रिसॉर्टवाले ऐकेनात, काका."

"तिनं सांगितलं?"

"हो. कारण काही सांगितलं नाही. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या."

सूरज गेला, आणि धर्मराजच्या डोक्यात जाळ झाला. म्हणजे फितुरी घरातच! पेले पाझरणार हे हिला आधीच ठाऊक होतं. कसं? हिनंच राळेत काहीतरी कालवलं असणार. त्या टिळकवाडीच्या पोराशी हिचा काहीतरी ठराव झालाय. अडतीस वर्षं ज्या कडीच्या आत बायको आली नाही, ती आता बाहेरून दगा देते! त्यानं तिची ट्रंक उघडली. लुगडी, समताच्या शाळेचे फोटो, संघर्षचं पहिलं स्वेटर, डांबराच्या गोळ्या. काही सापडलं नाही, आणि काही सापडलं नाही याचाच त्याला जास्त संशय आला. लुगडी परत ठेवताना मात्र आपलीच आपल्याला लाज वाटली.

शुक्रवारी सकाळी त्यानं बाजारातून नवीन राळ आणली. घरातली सगळी ओतून दिली, म्हणजे कुणी कालवलं असलं तर तेही गेलं. कडी घातली आणि भांडं चढवलं. पळी फिरायला लागली. राळ विरघळली, मेण विरघळलं, बुडबुडे आले. धर्मराज ढवळत होता, आणि ढवळता ढवळता त्याला एक गोष्ट जाणवली. त्याची मान वळलेली होती. डोळे भांड्यावर नव्हते. कान मागच्या खोलीकडं लागले होते.

तो वाट बघत होता.

कशाची? मागच्या खोलीत कुणी नव्हतं. भांडी वाजत नव्हती, स्टोव्ह फरफरत नव्हता. आणि तरी त्याचा उजवा हात भांड्याचे कान धरायच्या फडक्यावर जाऊन थांबला होता, एक हाक आली की भांडं उतरवायचं म्हणून. चार वर्षं हा हात असाच थांबत आला होता. "अवं, च्या ठिवू का?" हाक आली की भांडं खाली. हाक आली की भांडं खाली. ती कधी लवकर आली नाही, कधी उशिरा आली नाही. कधी अर्ध्या तासात यायची, कधी पाऊण तासात. जशी राळ, तशी हाक!

कसला अंदाज आणि कसलं काय! त्याच्या हातातली पळी थांबली. भांड्यातून धूर निघायला लागला, काळा, डोळे झोंबणारा, आणि धर्मराज तसाच बसून राहिला. राळ जळून कोळसा झाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुरानं, असं तो म्हणाला असता, पण विचारायला घरात कुणी नव्हतं.

दुपारी त्यानं तीसही पेले पोत्यात भरले. राळ, मेण, लोखंडी भांडं, चाळलेली राख, सगळं घेतलं. मेण उरलं होतं भरमाच्याच मागच्या खेपेचं, आणि ते पिशवीत घालताना त्याला भरमाचा चेहरा आठवून चोरट्यासारखं झालं. बसनं बेळगाव गाठलं, तिथून रेल्वे धरली आणि संध्याकाळी तो लोंढ्याच्या क्वार्टरच्या दारात पोत्यासकट उभा राहिला.

गंगव्वा नातीला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं पोत्याकडं बघितलं, मग त्याच्या तोंडाकडं. "पाझरलं न्हवं?"

"आठ," तो म्हणाला. नातीच्या मुठीत बोट घालून बसला.

शनिवारी सकाळी त्यानं क्वार्टरच्या मागं तीन विटा मांडून चूल पेटवली. मंगळवारी मढवलेल्या दहाही पेल्यांतला थर शेकून, खरवडून काढला. भांडं चढवलं. इथं दार नव्हतं, कडी नव्हती. दोरीवर नातीची दुपटी वाळत होती, आणि गंगव्वा उंबऱ्याच्या आत भाजी निवडत बसली होती.

"भाईर ये," तो म्हणाला.

"मी? राळंपाशी?"

"ये म्हनतोय न्हवं! हितं बस."

ती आली. चुलीपासून हातभर लांब, पदर सावरून बसली. धर्मराज पळी फिरवत राहिला. मग भांड्याकडंच बघत म्हणाला, "मला वास येत न्हाय, गंगव्वा."

"ठाव हाय की."

"कवापासनं?"

"करोना झाला त्याच महिन्यात. माजी डाळ करपून कोळसा झाली, आन् तुमी चुलीम्होरं बसून पेपर वाचत हुतासा."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी तरी कुटं बोललासा?"

पळी एक फेरा फिरली. "पन वेळ तुला कशी कळती? मी तर कडी घालून बसतो."

गंगव्वाला हसू आलं. "दार तुमी लावता वो. वास काय दाराला ईचारून येतोय? अडतीस वर्सं मागं बसून त्योच तर घेतीया. नवीन आलते तवा वकाऱ्या यायच्या. मग हळूहळू कळाय लागलं, ह्यो वास आला की तुमी भांडं उतरवता. करोनाच्या वक्ताला बघितलं, वास सुटला तरी भांडं खाली टेकल्याचा आवाज येईना. मग हाक मारली. च्याची मारली. दुसरी मारली असती तर तुमी घर डोक्यावर घेतलं असतासा."

"सूरजला आडवी गेलीस ती..."

"मग काय करू? पोरीला टाकून तितंच र्‍हाऊ? तुमाला सांगितलं तर तुमी ऐकणार व्हय?"

धर्मराजला तिच्या उघडलेल्या ट्रंकेची आठवण झाली. सांगून टाकावं असं वाटलं. "मी तुजी ट्रंक उचकटली," तो म्हणाला. "म्हटलं, तू कायतरी कालवलंस राळंत."

गंगव्वाचं हसू गेलं. तिनं त्याच्याकडं सरळ बघितलं, आणि अडतीस वर्षांत पहिल्यांदा त्याला तिची नजर झेपली नाही. "काय गावलं?" तिनं विचारलं.

"डांबराच्या गोळ्या."

ती रागावली होती, आणि रागवायचा तिला हक्क होता. चुलीतलं लाकूड तिनं जरा मागं ओढलं. मग तिची मान वर झाली, नाकपुड्या हलल्या.

"अवं, च्या ठि..." तिच्या तोंडून सवयीनं निघालं.

"च्या र्‍हाऊ दे," धर्मराज म्हणाला. "आता सरळ सांग."

"उतरवा," गंगव्वा म्हणाली.

त्यानं उतरवलं. तीस पेले त्या सकाळी मढवून झाले. तिनं एकेक हातात दिला, त्यानं ओतला, फिरवला, पालथा घातला. दुपारी पेले पाण्यानं भरून राखेवर ठेवले.

रविवारी सकाळी धर्मराज आधी उठला. एकेक पेला उचलून राख बघितली. बोट फिरवून बघितली, विश्वास बसेना म्हणून परत फिरवून बघितली. तिसाव्या पेल्याखालची राखही कोरडी होती. फोनवर ठरल्याप्रमाणं दहा वाजता सूरज लोंढ्यालाच गाडी घेऊन यायचा होता, आणि रिसॉर्ट तिथून अर्ध्या तासावर. वेळ भरपूर होता. घरी जाताना खानापूरला उतरून भरमाच्या दारात जायचं, हे त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. काय बोलायचं ते अजून सुचलं नव्हतं.

गंगव्वा नातीला न्हाऊ घालायला पाणी तापवत होती. धर्मराज एक भरलेला पेला दोन्ही हातांत धरून तिच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"घे. पहिलं पाणी."

तिनं पदराला हात पुसले, पण पेला घेतला नाही. "ते कारागिरानं प्यायचं असतंय."

"म्हणून तर देतोय," तो म्हणाला.

गंगव्वानं पेला तोंडाला लावला आणि सावकाश, न थांबता, अर्धा संपवला. धर्मराज तिच्याकडं बघत होता.

"राळेचा वास येतोय का?" त्यानं विचारलं.

तिनं पेला नाकाशी नेला आणि नीट हुंगला. "राळेचा न्हाय," ती म्हणाली. "मेणाचा हाय थोडा. आन् चामड्याचा. चांगला हाय." आणि उरलेलं पाणी तिनं त्याच्या हातात दिलं.